विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं

(राहाता येथे बारावीच्या आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात.)



मी याच राहात्याची. माझ्या अब्बांचा पेरूचा धंदा. शेतकऱ्याकडून बाग उक्ता घ्यायचा, राखायचा, तोडायचा आणि पाट्या भरून पहाटे गाडीला लावायच्या. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच किंवा असंच काहीतरी चालत असेल. अब्बा मला लहानपणी सांगायचे, "वरचा थर बघून पाटी घेऊ नको, खालपर्यंत हात घालून बघ." आज शिक्षक व्हायच्या रस्त्याबद्दल बोलायचं आहे, आणि मी तो असाच खालपर्यंत हात घालून दाखवणार आहे. चांगला माल किती आणि दबलेला किती, दोन्ही.

आधी एक प्रसंग सांगते. मी तासिका तत्त्वावर शिकवत होते तेव्हाचा. सहावीच्या वर्गात आपल्या मोहल्ल्यातली सात-आठ मुलं होती. त्यांच्या वह्यांमध्ये एकाच प्रकारची वाक्यं सापडायची. 'आमचा घर मोठा आहे.' 'अंगणात एक झाड होता.' 'मी भाकरी खाल्लो.' वर्गातली बाकीची मुलं हसायची. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणायचं, "त्या मुलांचं मराठी कच्चंच असतं, घरी बोलत नाहीत ना." मी गप्प बसायचे. लहानपणी मीही 'झाड मोठा' लिहिलं होतं आणि त्यासाठी छडी खाल्ली होती.

एके दिवशी त्या चुका एका कागदावर उतरवल्या आणि बघत बसले. तेव्हा कळलं, ती मुलं निष्काळजी नव्हती. ती एक नियम पाळत होती, फक्त तो नियम दुसऱ्या भाषेचा होता. आपल्या घरच्या दख्खनीत लिंगं दोनच. घर बडा, झाड बडा. मराठीत तिसरं, नपुंसकलिंग, त्यात येऊन बसतं. तो, ती आणि ते. तसंच 'मैं रोटी खाया' असं दख्खनीत बोललं जातं, 'ने' लागत नाही आणि क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जातं. मराठीत भूतकाळात ते भाकरीच्या मागे जातं, म्हणून 'मी भाकरी खाल्ली'. मुलगा 'खाल्लो' लिहितो तेव्हा तो घरचं व्याकरण अगदी बरोबर वापरत असतो.

मग मी वहीत दोन रकाने करायला लावले. डावीकडे घरी आपण कसं बोलतो ते, उजवीकडे शाळेच्या मराठीत कसं ते. कोणता शब्द बदलला त्याखाली रेघ मारायची. घरच्या वाक्याला चूक म्हणायचं नाही. दोन महिन्यांत सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही, पण मुलं स्वतःच्या चुका स्वतः पकडायला लागली. हसणारी मुलं दख्खनी वाक्यं विचारायला लागली.

हे मी तुम्हाला का सांगते आहे? मराठी तर स्टाफरूममधल्या सगळ्यांनाच येत होतं, माझ्यापेक्षा चांगलं येणारेही होते. पण हे मूल नेमकं इथे का अडतं, हे कळणं ही वेगळी विद्या आहे. गणितातही तसंच. १/२ आणि १/३ ची बेरीज २/५ करणारं मूल मठ्ठ नसतं, ते पूर्णांकांचा नियम अपूर्णांकाला लावत असतं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हे नेमकं मांडलं. विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याची सर्वसाधारण हातोटी दुसरी, आणि या दोहोंच्या मिश्रणातून तयार होणारं, त्या-त्या विषयाचं शिकवण्याचं ज्ञान तिसरं. ते तिसरं ज्ञान हीच शिक्षकाची खरी मिळकत. आपल्याकडे बी.एड.मध्ये याच्या जवळ जाणारा विषय आहे, त्याला 'आशययुक्त अध्यापन' म्हणतात. बहुतेक जण तो पास होण्यापुरता वाचतात. मीही तसाच वाचला होता. पाच वर्षांनी परत काढून वाचला.

आता आपल्या जिल्ह्याचं बघा. शिक्षक व्हायला प्रशिक्षण लागतं, ही कल्पना नगरला नवी नाही. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार नगरमध्ये मुलींची शाळा चालवत होत्या. ती बघून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं तेही नगरला फॅरारबाईंकडे आणि मग पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये. म्हणजे आपण ज्यांना पहिल्या शिक्षिका म्हणतो, त्यासुद्धा आधी शिकवायला शिकल्या.

आपल्याकडे फातिमा शेख यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. घ्यावंच. पण त्यांच्याबद्दल हाताशी असलेला कागद छोटा आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेराहून, नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. त्या आजारी होत्या. त्यात फातिमाचा उल्लेख येतो. आपल्यामागे तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. मला हा छोटा उल्लेखच जास्त आवडतो. त्यात पुतळा नाही, सोबतीण गैरहजर असताना काम ओढणारी एक बाई आहे. पहिला तास, दुसरा तास, रोज. शिक्षकाचं काम असंच असतं.

आता रस्ता. वह्या काढल्या असतील तर लिहून घ्या.

बारावीनंतर डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्राथमिकसाठी. पदवीनंतर बी.एड., २०१५ पासून तोही दोन वर्षांचा. तिसरा रस्ता चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा, बारावीनंतर थेट बी.ए.-बी.एड., बी.एस्सी.-बी.एड. किंवा बी.कॉम.-बी.एड. याला आयटेप म्हणतात. २०२३ पासून देशातल्या निवडक संस्थांत तो सुरू झाला आणि त्याची प्रवेश परीक्षा एनटीए घेते. महाराष्ट्रातल्या मुलांनी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था लक्षात ठेवावी. ती एनसीईआरटीची आहे आणि महाराष्ट्र तिच्या क्षेत्रात येतो. आपल्याकडची मुलं तिकडे फारशी बघतच नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करते. "बी.एड. केलं की पहिलीपासून बारावीपर्यंत कुठेही लागता येतं," असं अजून सांगितलं जातं. तसं नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. लहान मुलांना शिकवायचं असेल तर डी.एल.एड. करा. नववी-दहावीला विषयाची पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला त्या विषयाचं एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. आणि बी.एड.

बी.एड.चा प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. पदवीला खुल्या गटाला ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव गटांना ४५ टक्के लागतात. तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी अशा आपल्यातल्या अनेक जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला कपाटात असून उपयोग नाही. जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर हे दोन कागद प्रवेशाच्या आधी हातात पाहिजेत. वैधतेला महिने लागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या नोंदी, यांच्यामागे आत्तापासून लागा. माझी एक मैत्रीण गुण असूनही फक्त वैधता वेळेवर न आल्याने एक वर्ष घरी बसली. त्या वर्षात तिचं लग्न ठरलं, आणि बी.एड. राहिलं ते राहिलंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मेथड. बी.एड.ला तुम्ही शालेय विषयाची अध्यापन पद्धती निवडता, ती तुमच्या पदवीच्या विषयाला धरून असावी लागते. आणि शाळेत जागा निघते ती विषयाची निघते. मराठीची, इंग्रजीची, गणिताची, विज्ञानाची, सामाजिक शास्त्राची. 'शिक्षक' अशी मोकळी जागा नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलं आहे की सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. म्हणून बी.ए.ला विषय घेतानाच विचार करा. मानसशास्त्र चांगला विषय आहे, पण दहावीपर्यंतच्या वेळापत्रकात त्याचा तास नसतो. कॉमर्सवाल्यांचा विषय शाळेत अकरावीला सुरू होतो, म्हणजे एम.कॉम.शिवाय गाडी पुढे जात नाही. आणि बी.एस्सी. गणितवाल्या मुलींना माझं सांगणं आहे, तुम्ही बी.एड.चा विचार नक्की करा. गणित भीतीशिवाय शिकवणाऱ्या बाईंची गरज प्रत्येक शाळेला आहे.

मी मराठी घेतलं तेव्हा घरात आणि बाहेर एकच प्रश्न होता. "उर्दू का नाही घेतलं?" एका शाळेत मुलाखतीला गेले. अर्जावर विषय मराठी, हातात एम.ए. मराठीची गुणपत्रिका, तरी समोरच्यांनी विचारलं, "तुम्ही उर्दू शिकवणार का?" मी म्हटलं, "सर, मला उर्दू वाचता येतं, पण शिकवता येतं ते मराठी." ते हसले. मी नाही हसले.

उर्दूला कमी लेखायचं नाही. ज्यांचं शिक्षण उर्दू माध्यमातून झालं आहे त्यांच्यासाठी तो सरळ रस्ता आहे. उर्दू शाळांना विषय शिक्षक लागतात, त्यातही गणित-विज्ञानाचे. छत्रपती संभाजीनगरला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचं शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय आहे, पुण्यात आझम कॅम्पसमध्ये अध्यापक महाविद्यालय आहे. पण आपण मराठी माध्यमात शिकलेली माणसं. मराठी ही आपल्याला कुणी उसनी दिलेली भाषा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. करमाळ्याचे डॉ. यू. म. पठाण संतसाहित्याचे अभ्यासक, विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख, आणि १९९० च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. तेव्हा "मराठीला तुम्ही?" असं कुणी विचारलं तर चिडू नका. वर्गात उभं राहून शिकवा. उत्तर तिथेच मिळतं.

बी.एड.मध्ये काय करायला लावतात तेही सांगते. सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर तुमचेच मित्र विद्यार्थी बनून बसलेले, आणि एकाच कौशल्याचा सराव. प्रश्न विचारणं, फळ्याचा वापर, उदाहरण देणं. मग पाठ टाचण, सराव पाठ, चाचणीचा संविधान तक्ता. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत आंतरवासिता. हे सगळं फायली भरण्याचं काम म्हणूनही उरकता येतं, आणि खरोखरही करता येतं. "हजेरीची काळजी करू नका, परीक्षेला या," असं सांगणारी महाविद्यालयंही आहेत. तिथे जाऊ नका. पाटीचा वरचा थर तो. प्रवेशाआधी दोन गोष्टी बघा. एनसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, आणि सरावासाठी खऱ्या शाळा आहेत का. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गेटवर गाठून विचारा, "किती पाठ घेतले?" उत्तर लगेच मिळतं.

आता नोकरी. पहिली ते आठवीसाठी टीईटी पास व्हावी लागते. १५० गुणांची, खुल्या गटाला ६० टक्के. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून नोकरीत असलेल्या, पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. त्या खटल्यात महाराष्ट्रातली अल्पसंख्याक संस्थाच होती, आणि अल्पसंख्याक शाळांना ही अट लागू आहे का हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. माझा सल्ला साधा आहे. "आपल्या शाळेत टीईटी लागत नाही" या भरवशावर राहू नका. परीक्षा पास होऊन ठेवा.

त्यानंतर 'टेट', म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे प्रश्न, दोन तास. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, मग २०२३, मग २०२५. दरवर्षी होत नाही, म्हणून आली की सोडायची नाही. तिचे गुण घेऊन पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा. नेमणूक होते ती शिक्षण सेवक म्हणून, तीन वर्षं मानधनावर. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी.

इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. २०१३ मध्ये माझं बी.एड. झालं आणि राज्यात शिक्षक भरती जवळपास थांबलेली होती. मी तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या तासिकांवर जात होते. एका संस्थेकडून निरोप आला. जागा आहे, बारा लाख द्यावे लागतील. अब्बांकडे बारा लाख नव्हते. पण दोन गुंठ्यांचा एक प्लॉट होता, माझ्या धाकट्या भावासाठी ठेवलेला. एका रात्री अब्बा अम्मीला म्हणाले, "प्लॉट काढू या. पोरगी शिकली आहे, घरात बसून तिचं काय होईल?"

मी त्या रात्री झोपले नाही. मोह झाला नाही असं खोटं सांगणार नाही. बारा लाख दिले की दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही. सकाळी अब्बांना म्हटलं, "अब्बा, पैसे देऊन लागले तर आयुष्यभर त्या वर्गात मी तुमच्या प्लॉटवर उभी असेन." अब्बा काही बोलले नाहीत. चार दिवस बोलले नाहीत. नातेवाइकांनी ऐकवलं, हिला जास्त शिकवलं म्हणून डोक्यात हवा गेली. पुढची सहा वर्षं माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं. २०१७ ला टेट दिली, २०१९ ला पवित्रच्या यादीत नाव आलं. त्या वेळी माध्यमिक शिक्षण सेवकाला आठ हजार मिळायचे. पहिल्या महिन्याचे आठ हजार मी अब्बांच्या हातात दिले. त्यांनी मोजले आणि म्हणाले, "प्लॉट राहिला की."

माझं नशीब चांगलं होतं, हेही कबूल करते. माझ्याबरोबरच्या कितीतरी हुशार मुलींचं नाव यादीत आलं नाही. म्हणून 'मेहनत केली की मिळतंच' असं मी म्हणणार नाही. पण पैसे देऊन घेतलेलं टिकतंच असंही नाही. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून घेतलेल्या हजारो उमेदवारांवर नंतर कारवाई झाली. त्यांच्या अब्बांनीही काहीतरी विकलंच असेल.

जागा कमी आहेत हे खरं असल्यामुळे एकाच दारात उभं राहू नका. केंद्रीय विद्यालय आणि नवोदय विद्यालय विषयानुसार शिक्षक घेतात. आपल्या जिल्ह्याचं नवोदय टाकळी ढोकेश्वरला आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वेगळं बी.एड. असतं, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. त्या शिक्षकांची गरज मोठी आहे आणि तिकडे वळणारे थोडे. एम.एड. आणि नेट किंवा सेट करून अध्यापक महाविद्यालयात शिकवता येतं. महाराष्ट्राची सेट परीक्षा आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. लोकसेवा आयोगामार्फत शिक्षण सेवेत अधिकारी होता येतं. पाठ्यपुस्तकं, स्वाध्याय, शैक्षणिक व्हिडिओ, अनुवाद, या सगळ्यांना विषय समजणारी आणि मूल समजणारी माणसं लागतात. १९६७ मध्ये सुरू झालेली बालभारती मराठी आणि उर्दू दोन्हींत पुस्तकं काढते. दोन्ही भाषा येणारं मूल आपल्याच घरात तयार होतं.

मुलींना आणि त्यांच्या अम्मींना एक सांगते. "शिक्षिकेची नोकरी बाईला बरी, दुपारी घरी येता येतं," असं म्हणून बी.एड. करू नका, करायला लावू नका. दुपारी घरी आल्यावर वह्या असतात. आणि मुलांनो, हे काही फक्त बाईचं काम नाही. पोलीस भरतीला पहाटे पळता, त्यातला एक तास टेटच्या बुद्धिमत्ता चाचणीला दिलात तर नुकसान नाही.

घरी जाऊन आज एक काम करा. धाकट्या भावंडाची वही उघडा. कोणत्याही विषयाची. एक चूक शोधा आणि त्याला ओरडू नका. विचारा, "हे असं का लिहिलंस?" आणि पूर्ण ऐकून घ्या. ते ऐकताना तुम्हाला कंटाळा आला तर दुसरं करिअर शोधा, त्यात कमीपणा काही नाही. पण उत्तर ऐकून, 'अरे, याचं बरोबर आहे की त्याच्या हिशोबाने,' असं वाटलं, तर जातीच्या दाखल्याची फाईल उद्याच बाहेर काढा.

मी इथेच राहते. कागद घेऊन या, अर्ज भरायला मी बसेन.